बिनमासळीचं ताट

कानेयोच्या तोंडात तीळ भिजत नाही हे आमच्या साऱ्या त्सुनोउराला माहीत आहे. सकाळी धक्क्यावरचा लिलाव आटोपला की ती मासळीची हातगाडी घेऊन गावभर फिरते. मासळी उरली तर तिला चालतं, बातमी उरलेली चालत नाही. नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी ती तोकिकोच्या मागच्या दारी आली ती गाडी उतारावर तशीच सोडून, धापा टाकत.

"तोकिको, अगं तुझे टोफूवाले आले. बसमधून उतरताना पाहिले मी. एकटेच आहेत."

"माहीत आहे. पत्रात लिहिलं होतं त्यांनी, यंदा एकच जण म्हणून."

"काळा कोट घातलाय."

"थंडी पडलीय बाई. काळा नाही तर काय पोपटी घालतील?"

"आणि गळ्यात पेटी आहे." कानेयोनं आवाज खाली आणला. "एवढी. पांढऱ्या कापडात बांधलेली. दोन्ही हातांनी छातीशी धरून चालतायत."

तोकिको बांगडा साफ करत होती. तिची सुरी थांबली. पांढऱ्या कापडात बांधलेली चौकोनी पेटी छातीशी धरून माणूस आमच्याकडे एकाच प्रसंगी चालतो. स्मशानातून आपल्या माणसाची हाडं घरी आणताना.

"त्यांची मित्सुए गेली गं," कानेयो म्हणाली, आणि गाडी घरंगळायला लागली म्हणून तिच्यामागे पळाली. बातमी तासाभरात गावात पसरली हे वेगळं सांगायला नको.

तोकिकोचं घर गावाच्या टोकाला. पुढे समुद्र, मागे डोंगर, आणि डोंगर इतका लगटून की परसात ऊन यायला दहा वाजतात. घरातल्या चार खोल्या ती पाहुण्यांना देते आणि स्वयंपाक स्वतः करते. एकसष्टावं वर्ष चालू आहे, पण अजून खेकडा सोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. उन्हाळ्यात पोहायला येणारे येतात, थंडीत खेकडा खाणारे. पण ओगुरा नवरा-बायकोची गोष्ट निराळी होती. क्योतोत त्यांचं टोफूचं दुकान. पहाटे तीनला उठून सोयाबीन दळायचे, रात्री आठला अंथरुणाला पाठ टेकायची. नवं वर्ष सोडलं तर दुकान वर्षातून दोनच दिवस बंद, नोव्हेंबरातला दुसरा शनिवार आणि रविवार. बावीस वर्षं ते दोन दिवस तोकिकोच्या घरी गेले.

ओगुरा बोलत नसत. टोफूला चीर पडेल अशा भीतीनं आयुष्यभर हात चालवला, तशीच जीभही. त्या दोघांतलं सगळं बोलणं मित्सुएच करायची. आल्या आल्या बाह्या वर करून स्वयंपाकघरात घुसायची, कढईतलं उचलून तोंडात टाकायची आणि दम द्यायची, "तोकिको, दोन दिवसांत मला टोफू दाखवलास तर याद राख!" त्यांना तोकिको ओगुरासान म्हणे, पण हिला पहिल्या वर्षापासून ताईच.

ओगुरा दारात उभे राहिले. पेटी खरोखरच छातीशी होती. वाकून नमस्कार झाला.

"यंदा मी एकटाच," ते म्हणाले.

"हो."

"मित्सुए..." एवढं म्हणून ते थांबले. पेटी आणखी घट्ट धरली.

तोकिकोला ते बघवेना. "काही बोलू नका ओगुरासान," ती घाईनं म्हणाली. "आत या. अंघोळीचं पाणी तापलंय."

आता कुणी म्हणेल, एक शब्द विचारला असता तर काय बिघडलं असतं? पण आमच्याकडे विचारायचं नसतं. समोरच्यानं सांगितलं तर ऐकायचं, आणि सांगताना त्याचा जीव कासावीस होत असेल तर न सांगताच समजून घ्यायचं. याला आम्ही शहाणपण म्हणतो. या शहाणपणानं आमच्या गावात जेवढे घोटाळे घातलेत तेवढे दारूनंही घातले नसतील.

खोलीत गेल्यावर ओगुरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि फुलदाणीच्या कोनाड्यात, खिडकीजवळ, पेटी अलगद ठेवली. "इथे थंड आहे. इथेच राहू दे," ते म्हणाले. तोकिको गुडघ्यांवर बसली, पेटीपुढे हात जोडले आणि कपाळ चटईला टेकवलं. ओगुरा क्षणभर गोंधळले, मग त्यांनीही घाईघाईनं हात जोडले.

ती उठून निघाली तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "मालकीणबाई, तुमचा फोनचा नंबर तोच आहे ना, जुना?"

"तोच आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. सांत्वनाला कुणी फोन करणार असेल, असं तिला वाटलं.

स्वयंपाकघरात येऊन तोकिको चुलीपुढे बसली आणि मनसोक्त रडली. मग डोळे पुसले, आणि दोन ताटं करायला घेतली.

माणूस बाहेरगावी गेला की घरचे त्याच्या जागी ताट वाढून ठेवतात, त्याला आम्ही सावलीचं ताट म्हणतो. तो जिथे असेल तिथे त्याला उपाशी राहावं लागू नये म्हणून. जे घरात शिजलं तेच त्या ताटात, आणि मासळी हवीच. भाताच्या वाडग्यावर झाकण असतं. जेवणं झाली की झाकण उचलून बघायचं. आतून पाण्याचे थेंब असले तर माणूस खुशाल आहे. गेलेल्यांसाठीही ताट वाढतात. त्यात मासळी नसते, आणि त्याचं तोंड फिरवून ठेवतात, जेवणाऱ्याची पाठ आपल्याकडे येईल असं. एवढाच फरक. त्सुनोउरात काय नि क्योतोत काय, दुसरीतल्या पोरालाही तो कळतो.

तोकिकोला दोन्ही ताटं नको तितकी ठाऊक होती. तिचा नवरा इसाओ तीस वर्षांपूर्वी फेब्रुवारीत माकुळ धरायला गेला, आणि होडीसकट परत आला नाही. ना फळी सापडली, ना बूट. ती वर्षभर रोज त्याचं ताट वाढत होती. एक बांगडा, भात, सार. रोज झाकण उचलायची आणि रोज थेंब असायचे. ती सासूला हाक मारून दाखवायची, "आई, बघा, भिजलंय!" वर्ष झालं त्या दिवशी सासू म्हणाली, "पुरे आता, सूनबाई. उद्यापासून मासळी नको." दुसऱ्या दिवशी तोकिकोनं बांगडा वाढला नाही. ताट फिरवलं. गरम भाताची वाफ झाकणाला लागणारच, हे काय तिला कळत नव्हतं? पण मनातला काटा वेगळा होता. कालपर्यंत इसाओ कुठेतरी होता, कुठल्या तरी किनाऱ्याला, कुणाच्या तरी घरी. मासळी काढली आणि तो गेला. मग त्याला मारलं कुणी? हे ती कधी कुणापाशी बोलली नाही. त्यानंतर आजवर तिनं जिवंत माणसाचं ताट पुन्हा वाढलं नाही. मुलगा सैन्यात गेला तेव्हासुद्धा नाही.

मित्सुएच्या ताटात तिनं उकडलेला भोपळा ठेवला, तिळातली पालेभाजी, समुद्रातलं शेवाळ, स्वच्छ सार. टोफूपाशी हात जरा अडखळला. पण टोफूशिवाय गेलेल्याचं ताट होत नाही, आणि गेलेल्यांना आवडनिवड राहत नाही, असं मनाला समजावून तिनं तोही ठेवला.

सहा वाजता तिनं ताटं नेली. ओगुरांपुढे गाबोळीनं भरलेली खेकडी, शेकलेला मोठा खेकडा, वर्षभर कोंड्यात मुरवलेल्या बांगड्याचे पातळ काप. समोरच्या रिकाम्या आसनापुढे दुसरं ताट, तोंड फिरवलेलं. ती वाकली आणि साकेची दारू गरम करायला निघून आली.

पाच मिनिटांनी परतली तर ओगुरा हलले नव्हते. हात गुडघ्यांवर, नजर समोरच्या ताटावर. चेहरा त्यांच्याच दुकानातल्या मालासारखा पांढरा.

"केव्हा आला?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"फोन." ओगुरांचा आवाज कुठून तरी खोलातून येत होता. "दवाखान्यातून. मी अंघोळीला होतो तेव्हाच ना? तुम्ही कसं सांगावं म्हणून... समजलं मला. बरं केलंत. तोंडानं सांगितलं असतंत तर मला ऐकवलं नसतं."

तोकिकोनं साकेची सुरई खाली ठेवली. "कसला दवाखाना?"

"सोमवारी शस्त्रक्रिया होती तिची. पोटाची. मी नको म्हणत होतो यायला. तीच म्हणाली, जा, खेकडा खाऊन या, आणि चव लक्षात ठेवून मला सांगा. मी तुमचा नंबर देऊन आलो होतो तिथे. काही झालं तर कळवा म्हणून." बावीस वर्षांत ओगुरा एका दमात इतकं बोलले नव्हते. "शनिवारीच होईल असं नव्हतं वाटलं."

"ओगुरासान," तोकिको म्हणाली, "ती पेटी कसली?"

"कुठली? ती? टोफू आहे. तुम्हाला आणलाय. दरवर्षी तीच देते ना, यंदा मला सांगितलं होतं काय बोलून द्यायचं ते. विसरलो मी. कापडही तिचं फुलाफुलांचं सापडलं नाही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तोकिकोला झालं. तिनं चटईवर डोकं टेकवलं ते वर उचलेना. "फोन आला नाही हो," ती जमिनीशीच बोलत होती. "कुणाचा फोन आला नाही. मी पेटी पाहिली आणि... माझी अक्कल शेण खायला गेली होती. मी जिवंत बाईचं..."

ओगुरांनी ते ऐकलं. मग त्यांनी तोकिकोलाच विचारलं, "म्हणजे ती आहे?"

"मला काय माहीत!"

दोघंही एकदम उठली. फोन खालच्या ओसरीत होता. जिना उतरताना ओगुरांचा एक पायमोजा निसटला तो तिथेच राहिला. नंबर त्यांना पाठ होता, पण बोट चकतीच्या भोकात जाईना, म्हणून तोकिकोनं फिरवला आणि रिसीव्हर दोघांच्या कानांच्या मधे धरला.

"ओगुरा मित्सुए का?" नर्स म्हणाली. "थांबा हं, बघते." पावलं गेली. पावलं आली. "त्या खाटेवर नाहीत."

ओगुरा भिंतीला टेकून खाली बसले. ताट तोकिकोनं वाढलं होतं. मासळी तिनं काढली होती. पहिल्यांदा वर्षभर थांबून काढली होती, यावेळी तर तेवढीही कळ काढली नाही.

"सापडल्या," नर्स परत येऊन म्हणाली, आणि तिच्या मागून आवाज आला, "कोण आहे? समोरच्या खोलीत कुस्ती चालू होती टीव्हीवर, ऐन रंगात आलेली! हॅलो?"

तोकिकोनं रिसीव्हर ओगुरांपुढे धरला. ते नुसते डोळे पुसत होते. शेवटी तीच बोलली.

"ताई, मी तोकिको."

"अगं काय झालं? बुडाले की काय आमचे हे?"

"नाही, नाही. ते इथेच आहेत. ताई, माझ्या हातून पाप झालंय." आणि तिनं सगळं सांगून टाकलं. काळा कोट, पेटी, कानेयो, ताट, मासळी, फिरवलेलं तोंड. काही लपवलं नाही.

पलीकडून एक चमत्कारिक आवाज आला. मित्सुए हसत होती.

"हसवू नकोस मेली, पोट दुखतं माझं! म्हणजे टोफूच्या पेटीला नमस्कार केलास तू? आणि यांनी?"

"त्यांनीही केला."

"करणारच! कुणी वाकलं की वाकायचं, एवढंच येतं त्यांना. आणि ताटात काय वाढलंस मला?"

"भोपळा. पालेभाजी." तोकिको चाचरली. "टोफू."

"टोफू!" भिंतीशी बसलेल्या ओगुरांनाही तो आवाज ऐकू गेला. "चाळीस वर्षं टोफू कापून कापून हातांची सालं निघाली. मरूनही सुटका नाही का गं माझी? नोव्हेंबरात मला खेकडा नाही, आणि टोफू?"

तोकिको हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मित्सुएचं हसू हळूहळू ओसरलं. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "हे जवळ आहेत का?"

"थोडे लांब बसलेत."

"जेवले?"

"नाही. घाससुद्धा नाही."

"बघ. नापास." मित्सुए म्हणाली. "खेकड्याच्या चवीचं मी उगाच सांगितलं त्यांना. मला बघायचं होतं, एकट्यानं जेवता येतं का त्यांना ते. माझ्याशिवाय चहा ओतून घेत नाहीत गं. डॉक्टर म्हणतात, बरी होशील. पण डॉक्टर असं तोंड करून म्हणतात की... मला भीती वाटते, तोकिको. मरायची तेवढी नाही. यांची वाटते."

तोकिकोनं खरं तेच सांगितलं. "मलाही वाटते, ताई. माझ्या त्या ताटाची."

"मग नीट वाढ की. मासळी घाल, तोंड माझ्याकडे कर, आणि सोमवारी मी शुद्धीवर येईपर्यंत वाढत राहा. बांगडा मुरवलेला नको, ताजा शेकलेला. आणि यांना म्हणावं, माझं ताट समोर आहे, मी बघतेय, मुकाट जेवा."

तोकिकोनं हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण फोन ठेवल्यावर तिचे पाय चुलीकडे जाईनात. जिवंत माणसाचं ताट. वाढायचं, झाकण ठेवायचं, आणि मग बघायचं. तीस वर्षं ज्यापासून ती पळाली तेच मित्सुएनं हसत हसत तिच्या हाती दिलं होतं. आता सोमवारी काही वेडंवाकडं झालं तर या जन्मी दुसऱ्यांदा तेच होणार होतं, आणि यावेळी तर तिनं आधी मासळी काढूनही ठेवली होती.

तरी तिनं बांगडा शेकला. टोफूची वाटी उचलून नेली. ताट फिरवलं, वाडग्यात गरम भात भरला, झाकण ठेवलं. ओगुरा समोर बसून मुकाट जेवले. गाबोळीची खेकडी त्यांना सोलता येत नव्हती, आजवर मित्सुएच सोलून द्यायची. तोकिकोनं मदतीला हात पुढे केला तर त्यांनी मान हलवली, आणि बोटं कापून घेत, रस अंगावर सांडत, ती पुरी संपवली. शेवटी त्यांनी समोरच्या वाडग्याचं झाकण उचललं.

"थेंब आहेत!" ओगुरा म्हणाले. त्यांनी झाकण तिच्यापुढे धरलं. "बघा, मालकीणबाई. सगळीकडे आहेत."

"आहेत," तोकिको म्हणाली. वाफेबद्दल ती बोलली नाही.

मग त्यांना पेटीची आठवण झाली. त्यांनी ती दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवली आणि शाळेतल्या मुलासारखं घडाघडा म्हटलं, "आमच्या दुकानातला साधाच माल आहे, पण तुमची आठवण काढून सकाळी केलाय, गोड मानून घ्या." मित्सुएनं शिकवलेलं सगळं बरोबर आलं. प्रवासात टोफूला एवढीशीही चीर पडली नव्हती.

रविवारी सकाळच्या बसनं ते गेले. तोकिकोनं त्यांच्याबरोबर मुरवलेला बांगडा बांधून दिला, ताईंना खायची परवानगी मिळेल तेव्हासाठी. थांब्यावर कानेयो होतीच. तिनं रिकामी पेटी पाहिली आणि तोकिकोला कोपरानं ढोसलं. "समुद्रात सोडली का गं?"

"खाल्ली," तोकिको म्हणाली. कानेयोला त्या दिवशी पहिल्यांदा बातमी पुढे न्यायला सुचेना.

सोमवारी नऊला शस्त्रक्रिया होती. तीन तास लागतील असं सांगितलं होतं. खोल्या रिकाम्या होत्या, पाहुणे नव्हते. तोकिको पहाटेच उठली, भात टाकला, आणि मग जे काम दिसेल ते करत सुटली. गाद्या उन्हात घातल्या. सुकवलेले मुळे उतरवले, पुन्हा टांगले. बारा वाजता बांगडा शेकून तिनं ताट वाढलं, झाकण ठेवलं, आणि ओसरीत फोनजवळ येऊन बसली. झाकण उचलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. थेंब असले तरी तिचा विश्वास बसला नसता, आणि नसले तर बसला असता.

एक वाजला. कानेयोनं रविवारीच तिच्याकडून खरं काय ते काढून घेतलं होतं; ती आली, कुणी न बोलावता, आणि बोललीही नाही. सोबत बसून मटारसारखी काहीतरी हिरवी शेंग सोलत राहिली. दीड वाजला. दोन वाजले.

"तीन तास म्हणजे तीनच नसतात," कानेयो म्हणाली. "दवाखान्यातले तास मोठे असतात."

"तू गप्प बस."

"बसलेच आहे की."

तोकिकोनं मनात इसाओला हाक मारली. मागायचं तरी काय, ते तिला कळेना. तिनं नुसतं म्हटलं, अहो, तेव्हा चुकलं असेल माझं, तर त्या बाईवर नको.

तीनला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. एका घंटेतच तिनं उचलला.

"झालं," ओगुरा म्हणाले. "झालं, मालकीणबाई. निघालं सगळं. डॉक्टर हसले. खरं हसले, मी नीट बघितलं. ती जागी झाली आताच. डोळे उघडले, मला बघितलं, आणि पहिलं काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, आज ताटात काय होतं ते विचारा तोकिकोला."

"बांगडा," तोकिको म्हणाली. "शेकलेला. ताजा." तिच्या हातून कानेयोनं रिसीव्हर घेतला आणि ओगुरांना सर्व प्रश्न नव्यानं विचारले.

तोकिको आतल्या खोलीत गेली. ताट तसंच होतं. ती समोर बसली आणि तिनं झाकण उचललं.

कोरडं. ठणठणीत कोरडं. तिनं उलटून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. मग भाताला हात लावला तर तो गार होता. काळजीच्या भरात तिनं दुपारी सकाळचा थंड भात वाढला होता. वाफ यायची कुठून?

ती बघतच राहिली. वर्षभर हे झाकण रोज भिजून सांगत होतं, इसाओ आहे. तेव्हा तो नव्हता. बहुधा पहिल्या रात्रीपासूनच नव्हता, ती बांगडा शेकत होती, सासूला हाका मारत होती तेव्हाही. आणि आज झाकण कोरडं, आणि मित्सुए तिकडे खाटेवर पडून जेवणाची चौकशी करते आहे. झाकणाला काही म्हणता काही कळत नव्हतं. मासळी वाढल्यानं कुणी तरला नाही, काढल्यानं कुणी बुडाला नाही. तीस वर्षं जो काटा ती उरात घेऊन हिंडली, तो गार भाताच्या वाडग्यासमोर बसल्या बसल्या सैल झाला, आणि तिला एवढं रडू आलं की कानेयो फोन टाकून धावत आली.

"अगं, बरी आहे ती! वाचली! रडतेस काय वेड्यासारखी?"

"माहीत आहे."

तोकिकोनं डोळे पुसले. मग ताटातला बांगडा उचलला, दुसऱ्या बशीत ठेवला आणि भिंतीतल्या पितरांच्या देव्हाऱ्यापाशी गेली. फोटोतला इसाओ एकतीस वर्षांचा होता, तिच्या मुलाहून लहान. रोजचा भात आणि पाणी सरकवून तिनं मधे जागा केली, आणि बशी ठेवली.

"अगं, गेलेल्याला मासळी?" कानेयो म्हणाली. "काय करतेस? रीत आहे का ही?"

"रीत नाही," तोकिको म्हणाली. "पण त्याला फार आवडायचा बांगडा."

कानेयोनं तोंड उघडलं. मग मिटलं. तिनं पुढे होऊन बशी जरा फिरवली, बांगड्याचं डोकं डावीकडे येईल अशी, जेवणाऱ्याला सोईची. आणि दोघी हात जोडून बसल्या.